नंतर घेतलेला प्रश्न

आमच्या महाशयांनी आयुष्यात एकही हुशार प्रश्न पाहुण्यासमोर विचारलेला नाही. विचारले ते सगळे पाहुणा निघून गेल्यावर. हे मी कुचकटपणाने म्हणतेय असं वाटेल. कुचकटपणानेच म्हणतेय, पण ते खरंही आहे. त्यांच्या रेडिओवरच्या कार्यक्रमाचं संकलन एकोणीस वर्षं मी केलं, तेव्हा एवढा हक्क मला आहे.

कार्यक्रम दर रविवारी सकाळी दहाला लागायचा. ‘संस्कृती, राजकारण आणि विज्ञान यांचा तासाभराचा धांडोळा’ असं सुरुवातीला महाशय स्वतः म्हणायचे, आणि ‘धांडोळा’ म्हणताना आवाज असा खाली न्यायचे की ऐकणाऱ्याने हातातला कप ठेवून सावरून बसावं. केंद्र लोकांच्या करावर चालणारं. त्यामुळे जाहिराती नाहीत, घाई नाही आणि कुणी ऐकतंय की नाही याची फिकीरही नाही, असा माझा कित्येक वर्षं समज होता. त्यातलं शेवटचं चुकीचं निघालं.

आमची कामाची रीत अशी. पाहुणा यायचा, काचेपलीकडे बसायचा, महाशय त्याच्यासमोर. महाशयांनी पाहुण्याचं पुस्तक वाचलेलं नसायचं. मागच्या वेष्टनावरचा मजकूर तेवढा लिफ्टमध्ये वाचायचे. मग चाचपडत काहीबाही विचारायचे. ‘म्हणजे हे जे सगळं आहे, त्याकडे तुम्ही कसं बघता?’ हा त्यांचा हुकमी प्रश्न. भाषाशास्त्रज्ञापासून मधमाश्यांवर संशोधन करणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ‘हे जे सगळं आहे’ त्याकडे कसं बघतो ते आमच्याकडे सांगितलेलं आहे. पाहुणा बिचारा आपल्या बुद्धीने उत्तर द्यायचा, हात मिळवायचा आणि जायचा. तो लिफ्टमध्ये शिरला की आमचा खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. मी उत्तरं ऐकवायची, आणि महाशय त्या उत्तरांना शोभतील असे प्रश्न नव्याने बोलायचे. जुने प्रश्न मी कापून टाकायची आणि नवे त्या जागी चिकटवायची. रविवारी लोक ऐकायचे ते हे: एक विद्वान माणूस अचूक प्रश्न विचारतोय आणि पाहुणा जणू त्याच प्रश्नाची वाट बघत होता.

माझ्या संगणकात महाशयांच्या हुंकारांचा एक वेगळा कप्पा होता. एकूण अडतीस. विचारमग्न ‘हं’, सुखद धक्का बसलेला ‘हं’, आणि पाहुणा आपल्या मेलेल्या आईबद्दल बोलत असेल तर लावायचा एक खोल, ओलसर ‘हं’. पाहुणे बोलत असताना महाशय फोनवर बोटं चालवत असायचे. ऐकत असल्याचा आव मी आणायची.

मला केंद्रात सगळे ‘कात्री’ म्हणायचे. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू. महाशयांना पुरस्कार मिळाला की ते व्यासपीठावरून ‘माझे सहकारी’ म्हणायचे आणि हात पसरून सभागृहाच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघायचे. मी घरी येऊन हसायची. माझ्यावाचून या माणसाची दातखीळ बसेल, हे फक्त मला माहीत होतं, आणि त्या गुर्मीत माझी वर्षं मजेत गेली.

आता ताईबद्दल. माझी मोठी बहीण शहराच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत मुख्य रसायनतज्ज्ञ. सत्तावीस वर्षं तिने बाटल्या भरल्या, तपासल्या आणि नोंदवल्या. घरी जेवताना ती पाण्याबद्दल बोलायला लागली की मी मान हलवायची आणि मनात दुसरंच काहीतरी चालू ठेवायची. पण आमच्या विज्ञानाच्या भागासाठी एकदा ऐन वेळी पाहुणा आजारी पडला आणि मला ताई आठवली.

‘मला बोलता येत नाही, धाकटे,’ ती फोनवर म्हणाली. ती मला अजून धाकटे म्हणते, माझे केस तिच्यापेक्षा पांढरे झाले तरी.

‘तुला कुठे बोलायचंय? तू फक्त उत्तरं दे. बाकी मी बघते.’

‘बाकी म्हणजे काय?’

‘अगं, बाकी म्हणजे सगळं.’

ती आली. सोबत आकड्यांचा कागद आणला होता. तासभर बोलली, नीट बोलली, कुठेही फुशारकी नाही. मग हात पुसायच्या रुमालात चष्मा गुंडाळून निघून गेली. त्यानंतर आम्ही आमच्या रीतीने प्रश्न पुन्हा घेतले. त्या भागात एक नर्तकीही होती. तिला वीस मिनिटं द्यायची होती, कारण ती संचालकांच्या ओळखीची. म्हणून ताईच्या तासाभरातलं मी चौदा मिनिटांवर आणलं. रविवारी तो भाग लागला. महाशयांच्या आवाजात असा प्रश्न आला: ‘नदीकाठच्या वस्तीत नळ पोचलेले नाहीत. तिथली एखादी आई विहिरीचं पाणी काढते, त्यात बाळाचं दूध कालवते. तिने घाबरावं का?’ आणि ताईचं उत्तर आलं: ‘नाही. अजिबात नाही. मी स्वतः तेच पिते, माझ्या नातवाच्या दुधाला तेच वापरते.’

छान बसलं होतं. श्वाससुद्धा जुळला होता.

गुरुवारी नदीकाठच्या वस्तीतली दोन तान्ही बाळं इस्पितळात दाखल झाली. ओठ आणि नखं निळसर पडलेली. वर्तमानपत्रात एका आईचं म्हणणं छापून आलं: ‘रेडिओवर त्या पाण्याच्या बाई म्हणाल्या होत्या की चालतं.’

मी ते वाचलं. मग मी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं: ताईची मूळ मुलाखत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अर्थाकडे लक्ष देऊन ऐकली. तुम्हाला विचित्र वाटेल, पण संकलन करणारा माणूस अर्थ ऐकतच नाही. तो श्वास ऐकतो, खोकला ऐकतो, वाक्य कुठे खाली येतं ते ऐकतो. ताईचं ते ‘अजिबात नाही’ नळाच्या पाण्याबद्दल होतं. विहिरींबद्दल ती त्यानंतर लगेच, सहा मिनिटं बोलली होती. तिथल्या सात विहिरींत नायट्रेट मर्यादेबाहेर गेलंय, शेतातल्या खताचं आणि गटारांचं झिरपतंय. मोठ्यांना ते कळतही नाही, पण सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येईनासा होतो. तिने स्वतः घरोघर जाऊन आयांना सांगितलं होतं की बाळाच्या दुधापुरतं तरी पुलाजवळच्या नळाचं पाणी आणा. पंधरा मिनिटांची पायपीट. बायका रोज ती करतही होत्या. आमचा भाग ऐकल्यावर त्यांनी ती सोडली, कारण ज्या बाईंनी नको म्हटलं होतं त्याच बाई आता रेडिओवर चालतं म्हणाल्या.

आणि त्या फाइलीत शेवटी, ताई गेल्यानंतरच्या भागात, माझा आवाज होता. हेडफोनने केस विस्कटतात म्हणून महाशय हेडफोन लावत नसत. त्यामुळे काचेपलीकडे मी काही बोलले की ते स्टुडिओतल्या स्पीकरवर यायचं आणि त्यांच्या माइकमध्ये शिरायचं. प्रश्न बदला असं मीच त्यांना सांगत होते. नदीकाठची वस्ती, आई, बाळ, सगळं माझं.

शुक्रवारी ताईला निलंबित केलं. चौकशी नेमली. ताईने तिथे सांगितलं की मला विचारलेला प्रश्न वेगळा होता. चौकशीवाल्यांनी पुरावा मागितला. शनिवारी ती माझ्याकडे आली, पाणीसुद्धा न घेता उभ्याउभ्याच म्हणाली, ‘मूळ रेकॉर्डिंग असेल ना तुझ्याकडे?’

‘नाही गं,’ मी म्हणाले. ‘प्रसारण झालं की पुसतात. नियमच आहे तसा.’

असा काही नियम नाही. माझ्याकडे एकोणीस वर्षांचं सगळं आहे. पण ती फाइल कुणाच्याही हातात गेली तर नोकरी गेली, नाव गेलं, आणि महाशय सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडून मोकळे होणार. मी स्वतःला समजावलं की चौकशीत काही निघणार नाही, ताईची इतकी वर्षांची सेवा आहे, तिला परत घेतीलच. माणूस स्वतःला समजवायला बसला की काय सुचतं त्याला.

ताईने माझ्याकडे बघितलं. ‘बरं,’ म्हणाली. दारात चपला घालताना म्हणाली, ‘मला माझ्या नोकरीचं इतकं नाही वाटत. पण जोवर मी तसं म्हणाले नव्हते हे कळत नाही, तोवर तिथे माझं कुणी ऐकणार नाही.’

मी तेव्हा ‘नोकरी’ एवढाच शब्द ऐकला. बाकीचं कानावरून गेलं.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी आपापला शहाणपणा पाजळला. पाणीखात्याने पत्रक काढलं: ‘खबरदारी म्हणून पाणी उकळून प्यावे.’ खात्यातला एकमेव माणूस ज्याला हे चूक आहे हे कळलं असतं, त्याला त्यांनी घरी बसवलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्या दोन घरांना नीट सांगितलं; बाकी वस्तीला सांगणं आपलं काम नव्हे म्हणून ते गप्प. खातं म्हणालं, चौकशी चालू असताना विहिरींवर भाष्य करणं योग्य नाही. ताई स्वतःच वस्तीत गेली. तिला पहिल्या गल्लीतच अडवलं. ‘आधी नको म्हणालात, मग चालतं म्हणालात, आता परत नको म्हणताय,’ एक म्हातारा तिला म्हणाला. ‘तुम्ही घरी जा बाई.’ ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तेव्हा कुणी दारच उघडलं नाही. हे मला तिच्या मुलाकडून कळलं. ती मला फोन करत नव्हती.

मी तिला खोटं सांगितल्याच्या पाचव्या दिवशी तिसरं बाळ दाखल झालं.

आमच्या केंद्रात मात्र वेगळीच लगबग. ‘आपण यातून शिकू,’ संचालक बैठकीत म्हणाले. हे वाक्य ते दर संकटात म्हणतात. आजवर आम्ही छत गळण्यातून आणि कँटीनच्या संपातून शिकलेलो आहोत. महाशय टेबलावर बोटं जुळवून बसले होते. ‘आम्ही फक्त प्रश्न विचारतो,’ ते म्हणाले. ‘उत्तराची जबाबदारी तज्ज्ञाची असते.’ इतकं बोलून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी त्यांच्या जागी तिथे खोल ‘हं’ लावला असता.

ताईचं म्हणणं एका वर्तमानपत्राने छापल्यामुळे संचालकांना घाम फुटला होता. मग त्यांनी तोडगा काढला: येत्या सोमवारी सकाळी दहाला विशेष कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. विषय ‘विज्ञानाची जबाबदारी’. पाहुणी ताई, तीही आली तर. श्रोत्यांचे फोन घ्यायचे. ‘थेट म्हणजे कुणाला म्हणायला जागा नाही की आपण काही कापलं,’ ते खूश होऊन म्हणाले.

महाशयांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. पंधरा वर्षांत हा माणूस थेट बोललेला नव्हता. बैठकीनंतर ते माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं.

‘कानात सांगशील ना मला? प्रश्न?’

‘तुम्ही हेडफोन लावत नाही.’

‘लावीन,’ ते म्हणाले. केसांवर एवढं पाणी सोडायला ते तयार झाले, यावरून घाबरले किती होते ते समजा.

सोमवारी ताई वेळेच्या वीस मिनिटं आधी आली. माझ्या शेजारून आत गेली, मान हलवली, बस. तोच आकड्यांचा कागद तिच्या हातात होता. महाशयांकडे अकरा कार्डं होती आणि कानात मी. दहाला लाल दिवा लागला.

‘विज्ञान,’ महाशय म्हणाले आणि थांबले. या थांबण्यात नेहमी मी संगीत टाकते. त्या दिवशी तिथे नुसतीच शांतता पडली. ‘विज्ञान म्हणजे... हे जे सगळं आहे... त्यात विश्वास कुठे येतो, असं तुम्हाला वाटतं?’

‘मला विहिरींबद्दल बोलायचंय,’ ताई म्हणाली.

‘त्याकडे आपण येऊच. पण त्याआधी...’ एक कार्ड खाली पडलं, ते उचलायला महाशय वाकले आणि पुढचं वाक्य टेबलाखालून आलं. ‘त्याआधी समाज आणि शास्त्रज्ञ, यांचं जे नातं आहे...’

मी त्यांच्या कानात स्पष्ट म्हणाले, ‘विहिरींचं विचारा.’ त्यांनी मान हलवली आणि पुढचं कार्ड वाचलं. ते प्राचीन तत्त्वज्ञांवर होतं. सतरा मिनिटं असं चाललं. ताईने तीनदा विहिरींचं नाव काढलं आणि तिन्ही वेळा महाशय तिला हाताला धरून दुसरीकडे घेऊन गेले. घाबरलेला माणूस जे पाठ असेल त्यालाच चिकटतो, आणि त्यांना पाठ होतं ते फक्त मोठंमोठं बोलणं.

मग फोन सुरू केले. पहिलाच एका बाईचा. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

‘मी नदीकाठच्या वस्तीतून बोलतेय. माझी मुलगी चार महिन्यांची आहे. मला त्या बाईंना विचारायचंय, तुम्ही तेव्हा तसं का म्हणालात?’

‘मी तसं म्हणाले नव्हते,’ ताई म्हणाली. ‘ते मी नळाबद्दल म्हणाले होते. तुमच्या विहिरींचं...’

‘मी माझ्या कानांनी ऐकलं, बाई. बाळाच्या दुधाचंच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नातवाला तेच देते. आता म्हणता म्हणाले नव्हते. आम्ही वेडे आहोत का?’

‘तुम्ही आत्ता कुठलं पाणी देताय तिला?’

‘उकळून देतेय. सरकारने सांगितलंय तसं. पंधरा-पंधरा मिनिटं उकळते.’

‘उकळू नका,’ ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा वर गेला. ‘उकळल्याने ते जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते मागे जास्तच उरतं. माझं ऐका...’

‘तुमचं एकदा ऐकलं ना,’ ती बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. ‘आता कुणाचं ऐकायचं तेवढं सांगा.’

ताईने हातातला कागद खाली ठेवला. काचेतून तिने माझ्याकडे बघितलं नाही. कागदाकडे बघत राहिली. महाशय म्हणाले, ‘हा फार मूलभूत प्रश्न आहे. कुणाचं ऐकायचं. यावर आपण थोडं सखोल...’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नऊ दिवस मी हा ताईच्या नोकरीचा आणि माझ्या नोकरीचा मामला समजत होते. ताई सांगत होती ते हे होतं. फोनवर एक आई होती, शेगडीवर पातेलं होतं, आणि जिला खरं माहीत होतं तिच्या शब्दाला माझ्यामुळे कवडीची किंमत उरली नव्हती.

फाइल माझ्या संगणकातच होती. माझा आवाज काढून टाकायला मला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि हात सवयीने तिकडे गेलाही. पण कापलेलं ऐकवून काय सिद्ध होणार होतं? सगळा घोळ कापण्यानेच झालेला. मी महाशयांचा माइक बंद केला, ताईचा आणि त्या बाईचा चालू ठेवला, आणि माझ्या खोलीतला माइक उघडला. एकोणीस वर्षांत तो मी कधी उघडला नव्हता.

‘मी या कार्यक्रमाची संकलक,’ मी म्हणाले. ‘फोनवरच्या बाई, ठेवू नका. हे मूळ रेकॉर्डिंग आहे. यात काही कापलेलं नाही.’

आधी पहिली जागा वाजली. महाशयांचा आवाज: ‘म्हणजे... अं... नळाचं जे पाणी आहे शहराचं... हे जे सगळं चाललंय... तर आपण घाबरायचं का? का नाही घाबरायचं?’ ताईचा आवाज: ‘नाही. अजिबात नाही. मी स्वतः तेच पिते, माझ्या नातवाच्या दुधाला तेच वापरते. विहिरींचं मात्र वेगळं आहे. नदीकाठच्या सातही विहिरींचं पाणी बाळांना देऊ नये.’

मग मी शेवटची जागा लावली. दाराचा आवाज, ताई गेल्याचा. आणि मग मी.

‘हा प्रश्न फार गुळमुळीत आहे, महाशय. उत्तर इतकं ठसठशीत आहे, त्याला तोलामोलाचा प्रश्न हवा. माणसं आणा त्यात. नदीकाठची वस्ती घ्या. आई, बाळ, असं काहीतरी.’

‘पण विहिरींचं त्या काहीतरी म्हणाल्या ना? वेगळं आहे म्हणून?’

‘ते मी कापतेय. फार आकडे आहेत, ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल.’

‘मग हे उत्तर बसेल?’

‘बसेल. मी बसवते.’

पुढे महाशयांनी घसा साफ केला आणि तो प्रश्न बोलले, जो सगळ्या शहराने ऐकला होता. मी तिथे थांबवलं.

माझ्या आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यात मूर्ख आवाज तो माझा होता. इतका आत्मविश्वास मी महाशयांच्या बोलण्यातसुद्धा कधी ऐकला नाही. मी त्यांना हसत होते, पण त्यांना निदान विहिरींचं आठवलं तरी होतं.

काचेपलीकडे महाशय आपल्या मेलेल्या माइकमध्ये तोंड हलवत होते. संचालक दाराच्या काचेतून हातवारे करत होते. मी आतून कडी घातली होती. ताईने कागद टेबलावर सरळ केला आणि बोलायला लागली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. सातही विहिरी कुठल्या कुठल्या ते तिने खुणांसकट सांगितलं. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या तोंडात त्यांतलं थेंबभरही जाऊ देऊ नका, दुधात नाही, औषधात नाही. उकळलेलं तर मुळीच नको. पुलाजवळच्या नळाचं पाणी वापरा, त्या नळाची तपासणी मी स्वतः केलेली आहे. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर थांबू नका, तडक इस्पितळ गाठा. चार मिनिटं लागली तिला.

‘म्हणजे हे पातेलं ओतून देऊ?’ फोनवरच्या बाईने विचारलं.

‘द्या ओतून.’

पाणी ओतल्याचा आवाज आला. ‘शेजारणीला सांगते,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तसे अकरा फोन आले. ताईने प्रत्येकीला तेच सांगितलं, एकाही शब्दाचा फरक न करता.

अकराला दिवा विझला. महाशय उठले आणि केस सारखे करत बाहेर पडले. जाताना म्हणाले, ‘तू माझा घात केलास.’ नंतर कळलं की खाली उभ्या असलेल्या बातमीदारांना त्यांनी सांगितलं, ‘विहिरींची आठवण मीच करून दिली होती.’ हेही खरंच होतं म्हणा. संचालकांनी माझ्या हातातून किल्ल्या घेतल्या. आपण यातून शिकू, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

ताई स्टुडिओतल्या टेबलावरचा कागद घडी करत होती. मी आत गेले. मला वाटत होतं ती मला मिठी मारेल, किंवा थोबाडीत देईल. दोन्हीसाठी माझी तयारी होती. आणि आत कुठेतरी, लाज वाटते सांगायला, मला थोडं मोठंही वाटत होतं, की बघा, मी सगळं पणाला लावलं.

‘ताई, मी तुझ्याशी खोटं बोलले,’ मी म्हणाले. ‘पुसलं नव्हतं.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘चौकशीत त्यांनी तो भाग ऐकवला तेव्हाच कळलं की हा प्रश्न त्या माणसाचा नाही. ठसठशीत, माणसांचं, आई, बाळ. तू लहानपणी निबंध असेच लिहायचीस. आणि पुसलं म्हणालीस ते उंबऱ्यात उभी राहून, माझ्या चपलांकडे बघत.’

‘मग चौकशीत सांगितलं का नाहीस? त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं असतं.’

‘सांगायला हवं होतं.’ तिने चष्मा रुमालात गुंडाळला. ‘म्हटलं, धाकटी आहे, घाबरली असेल, एक-दोन दिवसांत स्वतःच आणून देईल. आपल्या हाताने दिलं तर तिला पुढे मान वर करून जगता येईल. म्हणून गप्प बसले. शनिवारी मी तुझ्याकडे आले. रविवारी वाट बघितली. सोमवारी बघितली. मंगळवारी, बुधवारी. गुरुवारी ते तिसरं बाळ आलं.’

मी टेबलावरची महाशयांची कार्डं गोळा करायला लागले.

‘त्याच्या आईनेही पाणी उकळून दिलं होतं,’ ताई म्हणाली. ‘ते अजून शुद्धीवर नाही. मी आता तिकडेच चाललेय. तिला सांगायचंय की मला बुधवारी बोलता आलं असतं.’

मी माझी पिशवी उचलली.

‘तू येऊ नकोस,’ ताई म्हणाली.